बिनसंवादाची भूमिका

मला संवाद नव्हते.
पहिल्या अंकात एक पत्र लिहायचं,
दुसऱ्यात जिना उतरायचा, पाठमोरं,
आणि तिसरा अंक अख्खा चादरीखाली.
‘तुला जमेल,’ वेंगुर्लेकर म्हणाले,
‘तुझा रोजचाच व्यवहार.’
हसले सगळे. मीही.

मुहर्रकला, कार्गोत, मी कागद बघतो.
पोलिसांचा, इस्पितळाचा, दूतावासाचा.
शिक्के जुळले की पेटी काट्यावर,
रकान्यात आकडा, पेटीसह.
नावातलं अक्षर न् अक्षर तपासतो,
एक जरी चुकलं तरी माणूस इथेच अडकतो.
रडणं आमच्या खात्यात येत नाही,
ते पलीकडच्या विमानतळावर.

मंडळात वाद झालाच होता.
इनामदारबाई म्हणाल्या, आठवडाभर राबतात माणसं,
शुक्रवारी त्यांना रडवायचं कशाला? फार्स घ्या.
शाल्मली टेरदळ कपातली साय बोटाने काढत म्हणाली,
‘हसतो की आपण रोज. फोनवर. घरच्यांशी.’
त्यावर कुणी काही बोललं नाही,
आणि हेच नाटक ठरलं.

सल्माबाद. शाळेचा हॉल.
जिना शेरजमानच्या पिकअपमधून आलेला,
त्याची एक पायरी वाटेत गेलेली.
दिव्यांवर कोळिकोडचा बशीर,
हातात मराठी स्क्रिप्ट, समासात मल्याळम.
उरलेले पास इकबाल मुकादमने कॅम्पवर वाटले,
म्हणून मागच्या सहा रांगा वर्कशॉपच्या पोरांच्या,
नाटकानंतर जेवण आहे एवढंच ऐकून आलेल्या.

चादरीखालून नाटक दिसत नाही.
खोकले ऐकू येतात, खुर्च्या कुरकुरतात,
एसीचा झोत थेट नाकावर,
कापड हललं तर सगळंच फुकट.
मी श्वास धरला.

वेंगुर्लेकर शेजारी बसले.
आता पानभर स्वगत. तालमीत कधी न अडलेलं.
ते अडलं.
विंगेतून नीलांबरीने पहिला शब्द पुरवला,
पुन्हा पुरवला, मोठ्याने,
आणि मग तीही थांबली.

किती वेळ, सांगता येणार नाही.
छातीत ठोके.
खोकले बंद. खुर्च्या बंद.
तेव्हा कळलं,
हॉलभर माणसं माझ्यासोबत
श्वास धरून बसलीयत.

मग वेंगुर्लेकरांचा हात माझ्या खांद्यावर आला
आणि ते हळूच म्हणाले, लेखकाने न लिहिलेलं:
‘ऊठ रे बाबा.
बस आली.’

मागच्या सहा रांगांना
पहाटे चारला रोज हेच ऐकू येतं,
कुणी लाथेने उठवतं, कुणी मायेने, चारचार भाषांत,
बस मात्र सगळ्यांची एकच.
आधी एक हुंदका फुटला, दाबलेला,
मग कुठला कुणाचा कळेना.
बशीरने दिवा उतरवायचा होता,
तो उतरलाच नाही.
शेरजमान नंतर मला सांगत होता,
त्याने फक्त ‘बस’ ऐकलं,
त्याला वाटलं, म्हातारा म्हणतोय, पुरे.
पुरे झालं आता.
तो त्यावर रडला.
चूक होती, असं मी त्याला म्हणालो नाही.

मी मात्र पडून.
इतकी वर्षं इतक्या जणांना रवाना केलं,
त्यांच्यासाठी कोण कसं रडतं
ते पहिल्यांदा आतून ऐकत होतो.
डाव्या डोळ्यातून पाणी कानात गेलं.
मयताला पुसता येत नाही.

जेवणात भात कमी पडला.
इनामदारबाईंनी स्वतःचं ताट
एका ग्राइंडरवाल्या पोराला दिलं,
त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं,
आणि लगेच विसरल्या, म्हणून पुन्हा विचारलं.

रविवारी कामावर.
एक पेटी, निजामाबादची.
वय एकतीस. वजन एकशे सात, पेटीसह.
शिक्के जुळले होते, सही बाकी होती.
मी पेन टेकवून थांबलो.
फोर्कलिफ्टवरच्या रुवानने माझ्याकडे पाहिलं
आणि इंजिन बंद केलं.

बाहेर एक विमान गेलं.
मग त्याने घड्याळ पाहिलं,
मी सही केली.